जुन्या अंकांतले पुण्याचे क्रिकेट

एखाद्या संघाचा सुवर्णकाळ कोणता, हे तो काळ सरल्याशिवाय ठरत नाही, आणि म्हणूनच त्या काळात निघालेली दैनिके, साप्ताहिके व वार्षिके वाचताना एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते ती ही, की ज्यांच्या डोळ्यांसमोर तो काळ घडत होता त्यांना त्याचे नाव माहीत नव्हते. त्यांनी लिहिले ते आदल्या दिवशीच्या खेळाबद्दल, उद्याच्या पावसाच्या भीतीबद्दल, न खेळू शकलेल्या गड्याच्या दुखऱ्या बोटाबद्दल. पुण्यात बसून क्रीडाविषयक मजकुराची सूची करणाऱ्याचा, म्हणजे जुन्या नियतकालिकांचे अंक एकामागून एक चाळून त्यांतील प्रत्येक वृत्तान्ताची, लेखाची, छायाचित्राची आणि धावफलकाची तारीख, पान व विषय यांनुसार नोंद ठेवणाऱ्याचा, सगळा व्यवहार या अजाण मजकुराशीच असतो. वरवर पाहता हे काम कारकुनी वाटते. परंतु महिनोन्‌महिने ते केल्यावर सूचिकाराच्या मनात इतिहासाविषयी काही ठाम मते तयार होतात, आणि येथे मांडायची आहेत ती त्या कामातून आलेली मते.

महाराष्ट्राच्या क्रिकेटपुरते बोलायचे तर हा काळ १९३९-४० आणि १९४०-४१ या दोन हंगामांचा आहे. थोडे उदार होऊन तो १९४९ च्या मार्चपर्यंत लांबवता येतो. रणजी करंडक ही प्रांतांच्या व संस्थानांच्या संघांमधील राष्ट्रीय स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. तिच्यात मुंबईचा संघ वेगळा आणि महाराष्ट्राचा वेगळा होता, व या दुसऱ्या संघाचे घर पुणे हे होते. भाषिक राज्य १९६० मध्ये आले, पण त्याच्या पंचवीस वर्षे आधीपासून महाराष्ट्र या नावाने अकरा खेळाडू मैदानात उतरत होते, ही गोष्ट राजकीय इतिहास लिहिणाऱ्यांनी फारशी मनावर घेतलेली नाही. ती घ्यायला हवी, असे हे अंक वाचणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही. या संघाचे कर्णधार प्रा. दिनकर बळवंत देवधर हे सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवत. १९२६ मध्ये इंग्लंडहून आलेल्या गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा केल्या होत्या, आणि भारताला कसोटी सामन्यांचा दर्जा मिळाला तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. एरवी खेळाडू निवृत्त होऊन बॅट भिंतीला टेकवतो त्या वयात त्यांनी हा संघ बांधला. १९३९-४० चा अंतिम सामना पुण्यात झाला व त्यात महाराष्ट्राने संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवले. पुढच्या वर्षी मद्रासला जाऊन त्याने मद्रासचा सहा गडी राखून पराभव केला. पहिल्या हंगामात विजय हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या, आणि प्रथम श्रेणीच्या, म्हणजे तीन वा अधिक दिवसांच्या अधिकृत दर्जाच्या सामन्यांत भारतीयाने भारतात केलेले ते पहिले त्रिशतक ठरले. दुसऱ्या हंगामात अठ्ठेचाळीस वर्षांच्या देवधरांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. त्या सामन्यात महाराष्ट्राच्या ६७५ धावांना मुंबईने ६५० धावांनी उत्तर दिले, आणि दोन्ही संघांचे दुसरे डाव पूर्ण होण्याइतका वेळ नसल्यास पहिल्या डावात पुढे असलेला संघ विजयी मानावा या नियमाने पंचवीस धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. त्याच हंगामात उत्तर भारत संघाविरुद्ध पुण्यात महाराष्ट्राने ७९८ धावा केल्या.

या सर्व गोष्टी आज कोणत्याही आकडेवारीच्या पुस्तकात दोन ओळींत मिळतात. मग पिवळ्या पडलेल्या अंकांकडे जाण्याचे कारण काय? त्याचे उत्तर नियतकालिक किती दिवसांनी निघते, या साध्या बाबीत दडलेले आहे, आणि सूचिकाराला ते फार उशिरा उमगते, कारण सुरुवातीला त्याचे सगळे लक्ष मजकुरावर असते, प्रकाशनाच्या वारावर नसते. दैनिकाला फक्त काल संध्याकाळपर्यंतचे माहीत असते. अर्धसाप्ताहिकाला बहुधा सामन्याचा निकाल माहीत असतो. मासिकाला हंगामाचा रंग कळलेला असतो, आणि वार्षिकाजवळ तर सरासरीचे कोष्टकच तयार असते. डॉ. ना. भि. परुळेकर यांचे ‘सकाळ’ १ जानेवारी १९३२ पासून पुण्यात रोज निघत होते. ‘ज्ञानप्रकाश’ त्याहून कितीतरी जुना होता. ‘केसरी’ मात्र त्या काळी दैनिक झालेला नव्हता. त्यामुळे तीन-चार दिवस चाललेला एकच सामना या पत्रांत निरनिराळ्या आकाराचा होऊन येतो. दैनिकात तो तुकड्यातुकड्यांनी येतो आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी काय होईल याची खरी उत्सुकता असते. अर्धसाप्ताहिकात तोच सामना निकालाकडून मागे सांगितला जातो, पहिल्या दिवशीचा सुटलेला झेल निर्णायक ठरतो, आणि दैनिकाने रकानाभर वर्णन केलेली एखादी सुरेख पण निष्फळ खेळी एका वाक्यात आटोपते. जो डाव वाया गेला त्याची हकिकत दैनिकाखेरीज दुसरीकडे उरत नाही. त्यामुळे एका सामन्याची एकच नोंद करून पुढे जाण्याचा मोह सूचिकाराने आवरावा, आणि त्याच सामन्याचे जितके वृत्तान्त मिळतील तितक्यांची स्वतंत्र चिठ्ठी करावी, हे या कामातले पहिले शहाणपण होय.

दुसरी अडचण अशी, की या सुवर्णकाळाचा ऐन बहर क्रीडा-साप्ताहिकांच्या आधीचा आहे. मद्रासच्या ‘हिंदू’ संस्थेचे ‘स्पोर्ट अँड पास्टाइम’ हे सचित्र साप्ताहिक १९४७ मध्ये निघाले आणि वीसेक वर्षे चालले. म्हणजे देवधरांचे दोन विजय त्यात जेव्हा जेव्हा येतात तेव्हा ते आठवणी म्हणून येतात, बातमी म्हणून येत नाहीत. परदेशातले एक उदाहरण येथे बोलके आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या सेल्टिक या फुटबॉल क्लबने १९६५ मध्ये ‘सेल्टिक व्ह्यू’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, २५ मे १९६७ रोजी, लिस्बनमध्ये इंटर मिलानला २-१ असे हरवून त्या क्लबने युरोपियन करंडक जिंकला. त्या दिवशी खेळलेले अकराही जण ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. अशा क्लबच्या चाहत्याला आपला सुवर्णकाळ आठवडा-आठवड्याने, एका रांगेत लावून वाचता येतो. पुण्याच्या वाट्याला तसे भाग्य आले नाही. येथे पूना क्लब, पी. वाय. सी. हिंदू जिमखाना, १९०६ मध्ये स्थापन झालेला डेक्कन जिमखाना अशा संस्था नांदत्या होत्या, चुरस होती, पेठांतून मैदानाकडे सायकली हाणत जाणारा जाणता प्रेक्षक होता. पण संघाचा काळ दैनिकांच्या आतल्या पानांत, मासिकांच्या संकीर्ण सदरांत आणि परप्रांतातल्या वार्षिकांत विखुरला. तो एकत्र आणायचा तर लाहोरच्या मुनीलाल यांच्या ‘क्रिकिनिया’सारख्या वार्षिकापासून दिवाळी अंकांपर्यंत हिंडावे लागते.

प्रत्यक्ष कामाचे स्वरूप सांगितल्याशिवाय यातले कष्ट आणि त्यातला आनंद दोन्ही कळणार नाहीत. जुन्या दैनिकांच्या कागदात लाकडाच्या लगद्यातले लिग्निन हे द्रव्य राहून गेलेले असते. हवा व उजेड लागून ते आम्ल बनवते, कागद तपकिरी होतो, आणि पान उलटताना घडीच्या रेषेवर त्याचा तुकडा पडतो. वर्षाचे अंक एकत्र शिवून पुठ्ठ्यात बांधले की त्या खंडाला बांधीव फाइल म्हणतात. बांधणी करणारा कडा सारख्या करण्यासाठी तीन बाजूंनी कागद कापतो, आणि चौथी बाजू शिलाईत जाते. धावफलक बहुधा आतल्या रकान्यात असतो. त्यामुळे शिलाईकडच्या बाजूला प्रत्येक फलंदाजाच्या धावांमधला शेवटचा आकडा दोऱ्याखाली लपलेला असणे हा रोजचा प्रसंग आहे. मासिकांच्या बाबतीत नुकसान वेगळे: बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची रंगीत पाने काढून टाकण्याची जुनी पद्धत होती, आणि खेळाच्या साहित्याच्या जाहिराती, त्यांतल्या बॅटींच्या किमती, कोणत्या खेळाडूचे नाव कोणत्या मालावर छापले जाई याचा पुरावा, हे सर्व त्या पानांबरोबर रद्दीत गेले. छायाचित्रे जाळीच्या ब्लॉकवरून, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या धातूच्या ठशावरून छापलेली असत. भिंग लावून पाहिले तर चेहरा विरघळून नुसते ठिपके दिसतात, आणि भिंग दूर केल्यावर तोच चेहरा पुन्हा गोळा होतो. पुष्कळदा एकच ब्लॉक वर्षानुवर्षे वापरला जाई, म्हणून छायाचित्रावरून खेळाडूचे त्या सामन्यातले वय ठरवू पाहणारा हमखास फसतो.

मोडलेले धावफलक दुरुस्त करण्याची रीत जुनीच, पण खात्रीची आहे. प्रत्येक फलंदाजाच्या धावा आणि अवांतर, म्हणजे बॅटीला न लागता मिळालेल्या धावा, यांची बेरीज डावाच्या एकूण धावांइतकी यावी लागते. ती येत नसेल तर कोठे तरी छपाईचा खिळा चुकलेला असतो. हाताने खिळे जुळवण्याच्या दिवसांत झिजलेला ९ हा १ सारखा उमटे, आणि बेरजेत नेमका आठाचा फरक पडला की सूचिकाराची नजर आपोआप त्या दोन अंकांकडे वळते. १९४९ च्या मार्चमध्ये पुण्यात झालेला महाराष्ट्र-मुंबई उपांत्य सामना हा या रीतीची कसोटी पाहणारा आहे. सात दिवस चाललेल्या त्या सामन्यात मुंबईने ६५१ आणि आठ बाद ७१४ धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. चारही डावांची बेरीज २३७६ होते, आणि प्रथम श्रेणीच्या सामन्यातील हा धावांचा विक्रम आहे. मुंबईच्या दोन डावांच्या १३६५ मधून महाराष्ट्राच्या १०११ वजा केल्या की ३५४ उरतात, आणि महाराष्ट्र तेवढ्याच धावांनी हरला. नऊ शतके झाली. त्यांत महाराष्ट्राच्या मधुसूदन रेगे यांची दोन्ही डावांतली दोन होती आणि प्रा. देवधरांचे चिरंजीव शरद देवधर यांचेही एक होते. चौथ्या डावात सहाशे धावा करूनही हरलेल्या संघाविषयी दिवसागणिक छापलेला मजकूर वाचणे हा विलक्षण अनुभव असतो, कारण निकाल ठाऊक असलेल्या वाचकाचे मनसुद्धा सहाव्या दिवशीच्या रकान्यात आशा धरू लागते. आकडेवारीच्या पुस्तकाने असे कधी होत नाही.

याच हंगामातला दुसरा सामना सूचिकाराला अधिक काळ गुंतवून ठेवतो. १९४८ च्या डिसेंबरमध्ये पूना क्लबच्या मैदानावर काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. कमल भांडारकर यांनी २०५ धावा केल्या, आणि दुसऱ्या गड्यासाठी या दोघांनी केलेली ४५५ धावांची भागीदारी त्या वेळी जगात सर्वांत मोठी होती. काठेवाडच्या २३८ धावांपुढे महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ झाल्या होत्या, आणि १९३० मध्ये डॉन ब्रॅडमन यांनी सिडनीत केलेल्या नाबाद ४५२ धावा ओलांडायला निंबाळकरांना फक्त दहा धावा हव्या होत्या. तिसऱ्या दिवशीच्या विश्रांतीत काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामना सोडून दिला आणि त्यांचा संघ निघून गेला. मूळ कोल्हापूरचे असलेले निंबाळकर पुढे कधीही कसोटी सामना खेळले नाहीत. कसोटी न खेळलेल्या फलंदाजाची सर्वांत मोठी खेळी म्हणून ती आजही नोंदली जाते. या घटनेविषयी १९४८ नंतर जितके लिहिले गेले तितके संवाद वाढत गेले. विश्रांतीच्या वेळी कोण काय म्हणाले, डाव सोडायची अट नेमकी कोणी घातली, विक्रम जवळ आल्याचे आधी कोणाला कळले, या प्रश्नांना दर दहा वर्षांनी निघणाऱ्या स्मरणलेखांत अधिकाधिक नेटकी उत्तरे मिळत जातात. अशा वेळी सूचिकाराने कोणाची बाजू घ्यायची नसते. त्याने फक्त प्रत्येक तपशील प्रथम कोणत्या वर्षी छापला गेला ते टिपायचे असते. हे टिपण पुढे ठेवले, की दंतकथा वर्षागणिक कशी जाड होत गेली ते स्वच्छ दिसते, आणि तरीही मूळ घटनेतला अन्याय कणभरही कमी होत नाही. उलट तो जास्त बोचतो, कारण ताज्या बातमीचा सूर शांत असतो. त्या दहा धावांनी काय गेले, हे त्या आठवड्यात लिहिणाऱ्याला कळणे शक्य नव्हते.

याच्या आधीच्या, १९३९ ते १९४१ च्या फायली चाळताना खेळाच्या शेजारी काय छापले आहे याकडे डोळेझाक करून चालत नाही. हजारे त्रिशतक करत होते त्या हंगामात युरोपात महायुद्ध सुरू झाले होते. देवधरांचा संघ दुसरा करंडक जिंकायला निघाला तेव्हा मुंबईच्या पंचरंगी सामन्यांवरून, म्हणजे हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि शेष या जातधर्मवार संघांच्या स्पर्धेवरून, वाद पेटला होता. १९४० च्या डिसेंबरमध्ये गांधीजींनी अशा स्पर्धेविरुद्ध मत दिले आणि हिंदूंचा संघ त्या वर्षी खेळला नाही. प्रांतवार रणजी स्पर्धेला त्याच काळात जो मान चढत गेला तो निव्वळ धावांमुळे चढला नाही, हे या शेजारधर्मावरून कळते. पुढे युद्धामुळे वृत्तपत्री कागदावर नियंत्रण आले, पाने घटली, आणि खेळाचा मजकूर सर्वांत आधी आखूड झाला. १९४४-४५ मध्ये वयाची बावन्न वर्षे उलटल्यावर देवधरांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात १०५ आणि १४१ धावा केल्या. इतक्या वयात असा पराक्रम करणारा माणूस जगात कोठेही विरळा. पण त्याला त्या टंचाईच्या पानांत मिळून मिळून जागा किती मिळणार? रकान्याची लांबी ही पराक्रमाची मोजदाद धरणाऱ्या अभ्यासकाने कागदाचा भावही पाहिला पाहिजे.

आणि काही माणसे अशी आहेत, की कागद मुबलक असतानाही ती या अंकांत आली नाहीत. खेळपट्टी तयार करणारे, रूळ फिरवणारे, जाळी बांधणारे, सरावाला चेंडू टाकणारे हात कोणत्याही धावफलकात नसतात. सातशे-आठशे धावा ज्या खेळपट्टीवर झाल्या ती कोणी राखली, याचा उल्लेख वृत्तान्तांत सहसा सापडत नाही. पुण्याच्या क्रिकेटच्या बाबतीत हे मौन फार जड आहे, कारण या शहराचा पहिला थोर क्रिकेटपटू त्याच कामातून आला होता. १८७६ मध्ये जन्मलेले, चर्मकार समाजातले बाळू पाळवणकर हे गोऱ्यांच्या क्लबात दरमहा चार रुपये पगारावर मैदानाची कामे करत आणि तेथील फलंदाज कॅप्टन ग्रेग यांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करत. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवाचून गोऱ्यांना हरवता येणार नाही हे पुण्याच्या हिंदू क्लबला कळले आणि त्याने त्यांना संघात घेतले. पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या साप्ताहिकाने त्या विजयाचे श्रेय जातिभेद बाजूला ठेवण्याला दिले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना मिळाले नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

धावफलकांत बाळूंचे बळी आहेत, पगार आणि मातीचे भांडे नाही. ते तपशील टिकले ते पुढच्या आठवणींमधून आणि अभ्यासकांच्या शोधातून. म्हणून क्रीडाविषयक सूचीत सामना, खेळाडू, मैदान आणि छायाचित्र या नेहमीच्या रकान्यांखेरीज मैदानावरच्या नोकरांसाठी एक स्वतंत्र रकाना आखणे आवश्यक आहे, आणि तो बहुतेक पानांवर रिकामा राहिला तरी आखलेला ठेवला पाहिजे. त्यात पगारवाढीची ओळ, एखाद्या माळ्याच्या सत्काराची बातमी, जिमखान्याच्या वार्षिक अहवालातला खर्चाचा आकडा, असे जे जे हाती लागेल ते भरत जावे. जुन्या पानांच्या संगणकीय प्रती काढण्याचे काम आता वाढले आहे, तरी झिजलेल्या खिळ्यांची देवनागरी यंत्राला अजून नीट वाचता येत नाही; तेव्हा अशा आडबाजूच्या ओळी माणसाच्या डोळ्यांनीच वेचाव्या लागतात. विठ्ठल पाळवणकर यांचे मराठी आत्मचरित्र ‘माझे क्रीडा-जीवन’ १९४८ मध्ये, म्हणजे निंबाळकरांच्या ४४३ धावांच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. त्या वर्षीच्या आणि पुढच्या वर्षीच्या मराठी मासिकांत त्या पुस्तकाची परीक्षणे कोठे आली, आणि ती क्रिकेटच्या सदरात आली की समाजसुधारणेच्या, हे शोधून त्या रकान्यात उतरवणे हे या सूचीतले यापुढचे काम आहे.